चेन्नईच्या सीझनला जाताय? आधी खोलीचं बघा

पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवासाठी बाहेरगावाहून येणाऱ्याला राहण्याचा प्रश्न फारसा छळत नाही. मंडप एक, मंच एक. त्याच्या आसपास खोली मिळाली की झालं. त्याच डिसेंबरात चेन्नईला निघालेल्या रसिकाचं गणित मात्र वेगळं असतं. तिथे एक मंडप नाही. शहरात ठिकठिकाणी 'सभा' आहेत, म्हणजे संगीत संस्था आणि त्यांची सभागृहं, आणि त्या सगळ्या एकाच वेळी गजबजलेल्या असतात. सकाळी एका सभेत, दुपारी दुसरीकडे, संध्याकाळी तिसरीकडे असा दिवस जातो. खोलीची जागा चुकली तर या दिवसाचा मोठा भाग रिक्षात जातो आणि ऐकायला बसावं तेव्हा डोळे मिटू लागतात.

बेताच्या पैशांत चेन्नईत राहता येतं, आणि चांगलं राहता येतं. त्यासाठी एक क्रम पाळावा लागतो. आधी आपण काय आणि केव्हा ऐकणार ते ठरवायचं, त्यावरून भाग ठरवायचा, आणि मग त्या भागातली स्वस्त खोली शोधायची. बहुतेक जण हे उलटं करतात. आधी स्वस्त खोली घेतात आणि मग तिच्यापासून सभा किती लांब आहे ते बघतात.

सीझनचा दिवस कसा असतो

आपल्याकडे ज्याला धनुर्मास म्हणतात तोच तमिळ मार्गळी महिना, डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंतचा. १९२७च्या डिसेंबरात मद्रासला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. त्याला जोडून संगीत परिषद झाली आणि तिच्यातून १९२८ साली म्युझिक अकादमी उभी राहिली. डिसेंबर आणि संगीत यांची गाठ तेव्हापासूनची. पुढे एकेक सभा त्यात सामील होत गेली. २०१७ साली युनेस्कोने चेन्नईला संगीतासाठी 'सर्जनशील शहर' म्हणून मान दिला, त्यामागेही ही परंपरा आहे.

मोठ्या सभेत दिवसाचे तुकडे पडलेले असतात. म्युझिक अकादमीत सकाळी आठच्या सुमाराला सप्रयोग व्याख्यानं सुरू होतात. मग दुपारी बाराच्या आणि पावणेदोनच्या आसपासच्या तरुण कलाकारांच्या कच्चेऱ्या, चारची त्याहून ज्येष्ठांची, आणि साडेसहा-सातची मुख्य. कच्चेरी म्हणजे मैफल. दुपारच्या कच्चेऱ्यांना अनेक सभांत तिकीट नसतं, संध्याकाळच्यांना असतं. मुख्य कच्चेरी अडीच-तीन तास चालते, म्हणजे बाहेर पडायला साडेनऊ होतात.

या वेळापत्रकातून खोलीबद्दल दोन गोष्टी निघतात. पहिली, दुपारी तास-दीड तास पाठ टेकायला मिळाली तरच संध्याकाळची कच्चेरी कान देऊन ऐकता येते. म्हणजे खोली रात्रीइतकीच दुपारीही लागते. दुसरी, रात्री साडेनऊला खोलीवर परतणं सोपं हवं. हे सोपं नसलं की माणूस शेवट सोडून उठतो, आणि मराठी माणसाने तर तो शेवट अजिबात सोडू नये. मुख्य राग आणि मृदंगम-घटमचं तनि आवर्तनम, म्हणजे एकल वादन, झालं की छोट्या, हलक्या रचना सुरू होतात. त्यांना तुक्कडा म्हणतात. अभंग येतो तो इथे. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावरला भोसल्यांचं राज्य मांडलं. त्या दरबाराच्या छत्राखाली मराठी कीर्तन तमिळ भूमीत रुजलं, साकी आणि दिंडी तिथल्या हरिकथेत मिसळून गेल्या. अलीकडच्या काळात मुंबईत वाढलेल्या अरुणा साईराम यांनी कच्चेरीच्या शेवटी गायलेले अभंग तिथल्या श्रोत्यांच्या तोंडी बसले आहेत. खच्चून भरलेलं तमिळ सभागृह विठ्ठलाच्या नावावर टाळी धरतं, ते ऐकायला शेवटपर्यंत बसावंच लागतं.

नकाशा डोक्यात बसवा

सीझनचा गाभा मैलापूर, आळ्वारपेट आणि रॉयपेट्टा यांच्या मधल्या पट्ट्यात आहे. टीटीके रोड उत्तर-दक्षिण जातो. त्याच्या उत्तरेच्या भागात, डॉ. राधाकृष्णन सालै (सालै म्हणजे रस्ता) जिथे येऊन मिळते त्या चौकाजवळ म्युझिक अकादमी आहे. त्याच रस्त्याने दक्षिणेला आळ्वारपेटकडे चालत गेलं की नारद गान सभा लागते. पूर्वेला लझ आणि त्यापलीकडे कपालीश्वराचं देऊळ. लझ आणि देवळाच्या परिसरात मैलापूर फाइन आर्ट्स क्लब, रसिक रंजनी सभा, पूर्व माड वीथीवरचं भारतीय विद्या भवन आणि नागेश्वर राव बागेजवळचं छोटेखानी रागसुधा सभागृह आहे. माड वीथी म्हणजे देवळाभोवतीचे चार रस्ते.

या पट्ट्याबाहेरची दोन ठिकाणं लक्षात ठेवायची. पश्चिमेला टी. नगर, तिथे कृष्ण गान सभा आणि वाणी महाल. दक्षिणेला तिरुवान्मियूर, तिथे रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९३६ साली स्थापन केलेलं कलाक्षेत्र. नृत्य हा तुमचा मुख्य ओढा असेल तर कलाक्षेत्राचा वर्षअखेरचा महोत्सव आणि म्युझिक अकादमीचा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातला नृत्यमहोत्सव, अशा बेताने तारखा धरा.

आता कागदावर तुमच्या संध्याकाळच्या कच्चेऱ्या लिहा, प्रत्येकीपुढे सभेचं नाव. ज्या सभेचं नाव सगळ्यात जास्त वेळा आलं, तिच्याभोवती चालत वीस मिनिटांचं वर्तुळ काढा. खोली त्या वर्तुळात शोधायची. दुपारच्या कार्यक्रमांना दिवसाउजेडी बस, रिक्षा काहीही चालतं. रात्रीचा रस्ता मात्र पायी जमेल असा असावा, कारण मोठी कच्चेरी सुटली की दीड हजारांवर माणसं एकदम रस्त्यावर येतात आणि सगळ्यांना त्याच क्षणी रिक्षा हवी असते.

कुठल्या भागात काय मिळतं

मैलापूरमध्ये, माड वीथींच्या आसपास, जुनी मध्यम दर्जाची हॉटेलं आणि लॉज आहेत. खोल्या साध्या, बहुतेक ठिकाणी शाकाहाराचा आणि मद्यबंदीचा नियम. इथे राहण्याचं सुख पहाटेला आहे. मार्गळीत दारोदार मोठे कोलम, म्हणजे रांगोळ्या, घातलेले असतात आणि देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून भजन म्हणत मंडळी फिरतात. ही भजनफेरी वाग्गेयकार पापनाशम शिवन यांनी अनेक वर्षं नेली होती. पण याच पहाटेची दुसरी बाजूही नीट समजून घ्या. देवळांचे ध्वनिक्षेपक उजाडण्यापूर्वीच सुरू होतात. रात्री अकराला झोपणाऱ्याला हे मानवत नसेल तर माड वीथीवरची खोली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

आळ्वारपेट आणि राधाकृष्णन सालैच्या आतल्या गल्ल्या रात्री शांत असतात. सालैवरचं न्यू वुडलँड्स हे हॉटेलांतलं जुनं नाव, पण हात आखडता असेल तर त्याच्या आजूबाजूच्या गल्ल्यांतल्या सर्व्हिस अपार्टमेंटची चौकशी करा. दोन-तीन खोल्या, लहानसं स्वयंपाकघर आणि आठवड्याच्या हिशेबाने भाडं. चौघं मिळून जाणार असाल आणि सात-आठ दिवस राहणार असाल तर माणशी खर्च लॉजइतकाच येऊ शकतो, आणि दुपारी झोपायला जागा ऐसपैस.

तिरुवल्लिक्केणी, म्हणजे ट्रिप्लिकेन, हा स्वस्त लॉजचा जुना भाग. इथे 'मॅन्शन' नावाच्या इमारतीही दिसतील. त्या मुख्यतः एकट्या नोकरदार पुरुषांना महिन्याने खोल्या देणाऱ्या, तेव्हा कुटुंबाने तिकडे वळू नये. इथल्या नेहमीच्या लॉजमध्ये भाडं कमी, खोल्या लहान आणि गल्ल्या अरुंद. मैलापूरला यायला एमआरटीएस ही उन्नत मार्गावरची लोकल आहे. तिरुवल्लिक्केणी स्थानकावरून तिरुमयिलै, म्हणजे मैलापूर, तिसऱ्याच थांब्यावर येतं. हीच गाडी पुढे तिरुवान्मियूरलाही जाते. मात्र ही स्थानकं मोठी आणि ओसाड आहेत. रात्री उशिरा एकट्याने तिथून जाण्यापेक्षा रिक्षा बरी.

एग्मोर स्थानकासमोरच्या केनेट लेनमध्ये लॉजची रांगच आहे. एका रात्रीपुरतं उतरायला ठीक. सीझनसाठी लांब.

भाड्याचा खरा हिशेब

स्वस्त आणि महाग हे फक्त खोलीच्या दरावरून ठरत नाही. एक उदाहरण मांडून बघू. समजा, मैलापुरातली खोली दिवसाला २,४०० रुपयांना आणि लांबची १,५०० रुपयांना मिळतेय. फरक ९०० रुपयांचा. लांबून सकाळी येणं, दुपारी झोपायला जाणं, संध्याकाळी परत येणं आणि रात्री जाणं, अशा चार खेपा झाल्या. रिक्षाचे एका खेपेला १५० ते २०० रुपये धरले तर ६०० ते ८०० तिथेच गेले. शिवाय एका खेपेला रहदारीत ४० मिनिटं धरली तर दिवसाची १६० मिनिटं गेली. म्हणजे शंभर-तीनशे रुपये वाचवण्यासाठी जवळजवळ एक आख्खी कच्चेरी गेली.

दुपारी परतायचं नसेल तर खेपा दोनच होतात आणि लांबची खोली खरोखर स्वस्त पडते. तरुण असाल, दिवसभर सभेतच बसणार असाल, तर ती जरूर घ्या. सोबत आई-वडील असतील किंवा वय साठीपुढचं असेल तर जवळच्या खोलीला पर्याय नाही.

दर विचारताना कर धरून विचारा. सप्टेंबर २०२५पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे. वरच्या उदाहरणातले २,४०० रुपये बिलात २,५२० होतात. जादा गादीचे वेगळे पैसे लागतात का, तेही तेव्हाच विचारून घ्या.

नाश्त्याचं आमिष मात्र बाजूला ठेवा. सीझनमध्ये मोठ्या सभांच्या आवारात कँटीन असतं, तिकीट नसलं तरी तिथे जाता येतं, आणि केळीच्या पानावरच्या जेवणासाठी, डोशासाठी शहरभरातून माणसं येतात. मैलापुरात रायर मेस आहे, माड वीथीवर कर्पगांबाळ मेस आहे. अशा भागात हॉटेलच्या नाश्त्यासाठी दोनशे-तीनशे रुपये जास्त मोजण्यात काहीच हशील नाही.

फोन करून काय विचारायचं

ॲपवरचे फोटो खोली दाखवतात, खोलीतलं राहणं दाखवत नाहीत. अभिप्राय वाचायचे तर डिसेंबर-जानेवारीतले वाचा, कारण पहाटेचा आवाज, गर्दी, पाऊस हे सगळं त्याच दिवसांतलं असतं. मग थेट लॉजला फोन लावा. मैलापुरात इंग्रजीत सहज बोलता येतं, अनेक ठिकाणी हिंदीतही भागतं.

पहिला प्रश्न चेक-आउटचा. तमिळनाडूतल्या पुष्कळ लॉजमध्ये चोवीस तासांची पद्धत आहे. तुम्ही रात्री नऊला खोली घेतलीत तर दुसऱ्या रात्री नऊपर्यंत ती तुमची. रेल्वेने येणाऱ्यासाठी हा मोठाच फायदा आहे. गाडी पहाटे पोचत असेल तर पहाटेच खोलीत जाता येतं, अर्धा दिवस फुकट जात नाही. दुपारी बाराची ठरीव वेळ असलेल्या हॉटेलात पहाटे पोचलात तर आदल्या दिवसाचंही भाडं लागू शकतं. म्हणून गाडीची वेळ सांगून, नेमकं किती दिवसांचं भाडं होईल ते तोंडून वदवून घ्या.

दुसरा प्रश्न खिडकीचा. ती रस्त्याकडे उघडते, आतल्या चौकाकडे की भिंतीकडे? आतल्या बाजूची खोली मागून घ्या. डिसेंबरात चेन्नईची रात्र सुखद असते, पंख्यावर भागतं, तेव्हा वातानुकूलन कशाला, असं वाटेल. पण पंख्याच्या खोलीत खिडकी उघडी ठेवावी लागते आणि तिच्यातून डास आणि आवाज दोन्ही येतात. या महिन्यात एसीचा खरा उपयोग खिडकी बंद ठेवता येण्याचा आहे. खिडकीला जाळी असेल आणि खोली आतल्या बाजूची असेल तर बिनएसी खोलीवर खुशाल पैसे वाचवा.

तिसरा प्रश्न पाण्याचा. गरम पाणी दिवसभर येतं की सकाळचे ठरावीक तास? आठच्या व्याख्यानाला जायचं तर सहाला पाणी हवं. पिण्यासाठी खोलीत किंवा मजल्यावर कॅनचं पाणी ठेवतात का, हेही विचारा. नळाचं पाणी बऱ्याच ठिकाणी कूपनलिकेचं, मचूळ असतं.

चौथा, मजला आणि लिफ्ट. चेन्नईचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो. २०१५च्या आणि २०२३च्या डिसेंबरात शहरात पाणी भरलं होतं. तळमजला टाळा. वरची खोली घेताना लिफ्ट आहे का आणि रात्री चालू असते का, ते विचारा.

पाचवा, रात्री दहानंतर दरवाजा उघडा असतो का, काउंटरवर माणूस असतो का? एकट्या प्रवाशाला, विशेषतः एकट्या स्त्रीला, खोली देता का, हेही इथेच स्पष्ट करून घ्या. काही लॉज ऐनवेळी कां-कूं करतात. फोनवर होकार मिळाला की तोच मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवून 'हो' असं लेखी घ्या.

एक गोष्ट इथे तुमच्या बाजूने आहे. मार्गळीत तमिळ घरांत लग्नं होत नाहीत. एरवी मंगल कार्यालयाशेजारचं लॉज म्हणजे पहाटेपासून नादस्वरम आणि वऱ्हाडाची धावपळ. या महिन्यात ती कार्यालयं शांत असतात आणि तिथल्या खोल्यांना वऱ्हाडाची मागणी नसते. पोंगल झाला, तै महिना लागला की चित्र पालटतं. पंधरा जानेवारीनंतर राहणार असाल तर शेजारी कार्यालय आहे का, ते विचारायला विसरू नका.

खोलीत शिरल्यावरची दहा मिनिटं

पैसे भरण्याआधी खोली बघायला मागा. नाही म्हणणाऱ्याकडे राहूच नका. आत गेल्यावर दार आणि खिडकी बंद करून मिनिटभर स्वस्थ उभे राहा. लिफ्टची मोटर, जनरेटर, शेजारचा टीव्ही, रस्त्यावरचे हॉर्न, जे ऐकू येतंय तेच रात्रीही ऐकू येणार आहे. मग एसी किंवा पंखा पूर्ण वेगात लावून पुन्हा ऐका. न्हाणीघरात नळ दोन-तीन मिनिटं सोडा. पाण्याला रंग किंवा वास येतो का आणि जाळीतून पाणी निचरतं का, ते बघा. चादर उचलून गादीच्या शिवणी तपासा, ढेकणांचे काळे ठिपके तिथे दिसतात. दाराची कडी आतून नीट बसते का आणि पलंगाजवळ चालू प्लग आहे का, हे शेवटी.

काही खटकलं तर तिथल्या तिथे, शांतपणे दुसरी खोली मागा. सामान उघडण्याआधी खोली बदलणं सोपं जातं. पहिल्या दिवशी एकाच रात्रीचे पैसे भरायचे, पटलं की पुढचे.

ठरवायचं केव्हा

परदेशात राहणारे तमिळ लोक डिसेंबरात घरी येतात आणि नाताळ ते नववर्ष हा आठवडा सगळ्यात आधी भरतो. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. मधल्या डिसेंबरात निघायचं तर ऑक्टोबरच्या मध्याला तिकीट काढा आणि त्याच आठवड्यात खोली धरा, रद्द करता येईल अशा अटीवर. सभांची सविस्तर वेळापत्रकं त्यानंतर हाती येतात. ती आली की वर्तुळ पुन्हा काढून बघा आणि गरज पडली तर खोली बदला. पहिल्यांदाच जात असाल तर १५ ते २३ डिसेंबर हा काळ धरा. मोठे कलाकार असतात आणि दर चढायचे असतात.

विमानाने आलात तर विमानतळावरून मेट्रोच्या निळ्या मार्गाने एजी-डीएमएस किंवा थाउजंड लाइट्सला उतरून रिक्षा करा. लझ परिसरात मेट्रोच्या नव्या मार्गाचं काम गेली काही वर्षं चालू आहे आणि त्यापायी रस्ते वळवले जातात. म्हणून लॉज नेमकं कुठल्या रस्त्याने गाठायचं, हे आदल्या दिवशी फोनवर विचारून ठेवा.

एवढं करूनही मनासारखं सगळं एका खोलीत मिळणार नाही. कुठेतरी सोडावं लागेल. तेव्हा टीव्ही सोडा, सजावट सोडा, नाश्ता सोडा, खोलीचा आकारही सोडा. शांत झोप, स्वच्छ न्हाणीघर आणि रात्री पायी गाठता येणारी सभा या तीन गोष्टींवर मात्र अडून बसा. चेन्नईपर्यंतचा प्रवास ऐकण्यासाठी आहे. ताज्या कानांनी शेवटचं मंगलम् होईपर्यंत बसता आलं, म्हणजे खोली चांगली निवडली.